तिघं आलो तरी वर्ग घ्या

प्रति,
रविवारी आमच्यासारख्यांना शिकवायला येणारे सगळे सर आणि मॅडम,
तसेच अभ्यासकेंद्रं चालवणारे साहेब लोक,
नाशिक शहर आणि जिल्हा

नमस्कार.

मला पत्र लिहायची सवय नाही. अर्ज लिहायची आहे, सुट्टीचा, ॲडव्हान्सचा, आणि दोन वर्षांपासून गृहपाठ लिहायची झालीय. त्यामुळे हे मधेच अर्जासारखं वाटलं नाहीतर मधेच गृहपाठासारखं, तर समजून घ्या. लांबलंय पण खूप, कारण बरंच दिवसांचं साठलेलं आहे आणि सिटीलिंकच्या बसमध्ये जागा मिळेल तसं तसं मोबाईलवर टाइप केलंय.

मी सिडकोत राहते, त्रिमूर्ती चौकापासून आत. अंबडला एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर आहे, स्विचची जुळणी आणि पॅकिंग. बारा वर्षं झाली, तीन ठेकेदार बदलले, मी तीच आणि माझं टेबल पण तेच. वय बेचाळीस. नववीत शाळा सुटली, मग लग्न, मग पोरं, मग सतरा नंबरचा (शाळेत न जाता परीक्षेला बसायचा) फॉर्म भरून दहावी, परत सतरा नंबरचा फॉर्म भरून बारावी, आणि आता एस.वाय.बी.ए., अर्थशास्त्र. बाहेरून.

हा 'बाहेरून' शब्द आधीच उरकून घेते कारण तो मला फार टोचतो. "अच्छा, बाहेरून करताय का" असं कुणी म्हणालं ना की मला चपला काढून दारात उभं असल्यासारखं वाटतं, आत या म्हणत नाहीत आणि जा पण म्हणत नाहीत. माझी मुलगी एफ.वाय.बी.कॉम.ला आहे, ती रोज कॉलेजला जाते, म्हणजे ती 'आतून' आणि मी बाहेरून, आमच्या घरात हा जोक आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, सांगितलंय की मान्यता असलेल्या विद्यापीठाची दूरस्थ पद्धतीने घेतलेली पदवी ही रोज वर्गात बसून घेतलेल्या पदवीच्या बरोबरीची धरायची. मी ती बातमी कापून वहीत चिकटवली आहे. कागदावर आम्ही आत आलो. वर्गात मात्र अजून दारातच आहोत, आणि हे पत्र त्याबद्दल आहे.

मी कुठल्या विद्यापीठाची, कुठलं केंद्र, कोण सर, ते काही लिहिणार नाही. बाहेरून शिकायच्या सोयी एक सोडून चार आहेत आणि मला कुणाची तक्रार करायची नाही, मला तुमच्याशी बोलायचंय. रविवारी तुम्ही पंधरा मिनिटं उशिरा येता आणि वीस मिनिटं आधी जाता, मग बोलायचं राहूनच जातं. (हे चेष्टेत घ्या. थोडं खरं पण घ्या.)

ऑक्टोबरमधला रविवार. मला कंपनीत सुट्टी शनिवारी असते आणि वर्ग असतो रविवारी, त्यामुळे मला दर वर्गासाठी कुणाच्या तरी पाया पडून सुट्टी अदलाबदल करावी लागते. जिची सुट्टी रविवारी ती माझ्या शनिवारी घरी, मी तिच्या रविवारी वर्गात, आणि मधे सुपरवायझरला पटवायचं ते वेगळंच. तर तशी अदलाबदल केली, सकाळी साडेपाचला उठून पोळ्या लाटल्या, भाजी केली, धुणं मशीनला न लावता हातानेच आपटलं कारण लाइट गेले होते, आणि दोन बस बदलून दहाला पाच कमी असताना केंद्रावर पोचले. गेटवर वॉचमन म्हणाले, "मावशी, पालकांची मीटिंग आज नाही." मी म्हटलं मी विद्यार्थी आहे. ते हसले. माणूस वाईट नाही, त्यांनी असं बघितलेलंच नसेल फारसं.

वर्गात आम्ही तिघं. एक मी. एक सिक्युरिटीवाले भाऊ, पन्नाशीचे असतील, नाईट करून थेट आलेले, अंगावर युनिफॉर्मच, फक्त टोपी काढून दप्तरात ठेवलेली. आणि एक मखमलाबादकडचा मुलगा, तो आला म्हणजे आश्चर्यच, कारण द्राक्षाच्या छाटण्या चालू होत्या. बाकीचे निम्मे लोक म्हणूनच आले नव्हते, ऑक्टोबर छाटणी सोडून रविवारी मागणीचा नियम शिकायला कोण येणार, मजुरीच तेव्हा मिळते. हे तुम्हाला माहीत असतं तर बरं झालं असतं, कारण तुम्हाला वाटतं लोकांना इंटरेस्ट नाही.

सर आले. दारातूनच बघितलं आणि म्हणाले, "तिघंच? मग आज राहू द्या. नोट्सची पीडीएफ टाकतो ग्रुपवर." मग म्हणाले, सह्या करून घ्या, आणि चार सत्रांचा कागद पुढे केला, झालेल्या एका सत्राचा आणि व्हायच्या तीन सत्रांचा. आम्ही केल्या सह्या. मी पण केल्या, खोटं बोलत नाही. कंपनीत पण ठेकेदार असाच कागद पुढे करतो, कशावर सही करतोय ते विचारायची सवयच राहत नाही हाताला.

सिक्युरिटीवाले भाऊ म्हणाले, "चला, झोप तरी होईल." पण ते गेले नाहीत हो. समोरच्या टपरीवर चहा घेत बसले, मग आम्ही दोघं पण बसलो, आणि त्या पोराने पुस्तक काढलं. पाऊण तास आम्ही तिघांनी मागणीची लवचिकता वाचली, म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते ते. कोथिंबिरीची जुडी महागली तर आपण घेत नाही, मिठाचं पाकीट महागलं तरी घेतोच, एवढं आमचं आम्हाला कळलं. पुढचं गणिताचं कळलं नाही. टक्केवारीला टक्केवारीने भागायचं आणि उत्तर एकापेक्षा कमी आलं तर काय आणि जास्त आलं तर काय, ते समजावायला माणूस पाहिजे होता आणि तो माणूस नुकताच गाडीला किक मारून गेला होता.

ह्यात मला राग वर्ग झाला नाही ह्याचा कमी आहे. राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. तुम्हाला मनापासून वाटतं की तुम्ही आमच्यावर उपकार केले. लवकर सोडलं, बिचारे दमलेले असतात, घरी जातील, झोपतील. आणि हा उपकार फक्त त्या रविवारचा नाही, तो सगळीकडेच आहे. "तुम्हाला काय, पास होण्यापुरतं करा." "हे सोडून द्या, परीक्षेला येत नाही." "गृहपाठ झेरॉक्सवाल्याकडे तयार मिळतो, उतरवून आणा." प्रेमानेच म्हणता तुम्ही हे, मला कळतं. पण मला सांगा, तुमच्या सकाळच्या रेग्युलर वर्गातल्या पोराला तुम्ही असं तोंडावर म्हणता का?

गृहपाठाचा किस्सा सांगते, हसू नका. एफ.वाय.ला चार गृहपाठ एकदम द्यायचे होते, मी स्वतः लिहिले होते, रात्री अकरानंतर, ओट्यावर बसून. शेवटच्या दिवशी घाईत सुतळीने बांधताना मधे एक पान भलतंच गेलं. कागद परत आले तेव्हा मला दिसलं. तूरडाळ दोन किलो, शेंगदाणे अर्धा, निरमा, गूळ, बाबांची गोळी. किराणा यादी. आणि त्या पानाच्या खाली लाल पेनने बरोबरची खूण केलेली. मार्क वीसपैकी सतरा. मुलगी हसून हसून लोळली, म्हणाली आई, गूळ बरोबर आलाय तुझा. मी पण हसले तेव्हा. रात्री मात्र मला झोप लागली नाही, कारण त्याच गृहपाठात मी एका प्रश्नाचं उत्तर चार वेळा खोडून लिहिलं होतं, आणि मला खरंच जाणून घ्यायचं होतं की ते बरोबर आहे का. अजून माहीत नाही.

वीस वर्षं पेन धरला नव्हता, तो धरताना काय होतं ते पण सांगते, कारण ते तुम्हाला वरून दिसत नाही. आमचं काम बोटांचं आहे. शिफ्टला सातशे-आठशे पीस होतात, तांब्याच्या पट्टीची धार अंगठ्याला लागतेच, कापडी पट्टी गुंडाळून काम करतो. तोच अंगठा घेऊन तीन तास पेपर लिहायचा. पहिल्या पेपरला दीड तासातच मनगट गेलं, अक्षर इतकं वाकडं व्हायला लागलं की मलाच वाचता येईना. मग मी पुढचे दोन महिने रोज जेवणाच्या सुट्टीत पंधरा मिनिटं नुसतं लिहायची प्रॅक्टिस केली, काही सुचलं नाही तर डब्याच्या पेपरातल्या बातम्या उतरवायच्या. बाकीच्या बायका म्हणायच्या कलेक्टर होणारेस का. आता त्यातलीच एक मला विचारते, सतरा नंबरचा फॉर्म कधी निघतो गं.

तर एवढं करून आलेल्या माणसाला पास होण्यापुरतं नको असतं. पास होण्यापुरतं पाहिजे असतं तर मी आलेच नसते, मला ह्या पदवीने काय मिळणारे? कॉन्ट्रॅक्टवाल्याला प्रमोशन नसतं. उलट प्रत्येक पेपर म्हणजे एका दिवसाची हजेरी गेली आणि महिन्याचा अटेंडन्स बोनस गेला, म्हणजे मी परीक्षा विकत घेते असं धरा. कायद्याने वीस दिवस काम केलं की एक दिवस पगारी रजा आहे, ती परमनंटवाल्याला मिळते, आमच्यापर्यंत येईपर्यंत वाटेत कुठे हरवते ते ठेकेदारालाच माहीत. शिकायला पगारी रजा द्यावी म्हणून १९७४ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १४० नंबरचा करार पण झालाय, आपल्या देशाने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. जाऊ द्या, ते तुमच्या हातात नाही. तुमच्या हातात रविवारचे दोन तास आहेत.

आणि ते दोन तास काय करू शकतात ते मी एकदा बघितलंय, म्हणून तर एवढी भांडतेय.

डिसेंबरात एकदा आमचे सर रजेवर होते, बदली म्हणून एक मॅडम आल्या. वर्गात आम्ही पाच. त्यांनी मोजलं नाही. खुर्ची ओढून आमच्या बाकाजवळ आणली आणि विचारलं, कोण कुठून आलंय. मी म्हटलं माहेर निफाडकडचं, वडील कांदा करायचे. त्या म्हणाल्या, मग आज कांदाच करू. फळ्यावर दोन रेघा काढल्या, मागणी आणि पुरवठा, आणि सांगितलं की ह्या वर्षी भाव चढला की शेतकरी त्या भावाकडे बघून पुढच्या वर्षी जास्त लावतो, सगळेच लावतात, माल जास्त होतो, भाव पडतो, मग लोक कमी लावतात, परत भाव चढतो. भाव आत्ता कळतो आणि पीक यायला वेळ लागतो, सगळी गोम तिथे. त्या रेघा फिरवत गेलं की कोळ्याने जाळं विणल्यासारखं दिसतं, म्हणून त्याला कॉबवेब म्हणतात, काल्डॉर नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९३४ मध्ये हे नाव दिलं.

मी बघतच बसले. कारण हे जाळं मी लहानपणी बघितलं होतं. लासलगावला ट्रॅक्टर लावून वडील रात्रभर लिलावाची वाट बघायचे आणि दुसऱ्या दिवशी घरी येऊन कुणाशी बोलायचे नाहीत. पुढच्या वर्षी आई म्हणायची आता कांदा नको, आणि वडील परत कांदाच लावायचे, आणि आम्हाला वाटायचं आपले वडीलच हट्टी.

मग मी हात वर केला. बेचाळिसाव्या वर्षी हात वर करायला काय लाज वाटते ते तुम्हाला नाही कळणार. म्हटलं मॅडम, हे जाळं एक नाही, आमच्याकडे तीन आहेत. लाल कांदा असतो, मधे रांगडा असतो आणि मग उन्हाळ. लाल टिकत नाही, काढला की भाव काही का असेना विकावाच लागतो. उन्हाळ कांदा साठवायच्या चाळीत चार-पाच महिने धरता येतो, पण ज्याच्याकडे चाळ आहे त्यालाच, आणि चाळ असली तरी दुकानदाराची उधारी डोक्यावर असेल तर तो पण थांबू शकत नाही. म्हणजे भाव बघून थांबायची ऐपत सगळ्यांची सारखी नाही. मॅडमनी डस्टर घेतलं, अर्धा फळा पुसला आणि तीन रेघा काढल्या. मी बोललेलं फळ्यावर गेलं, हो. खडूने. मी त्या फळ्याचा फोटो काढला आहे, मोबाईल बदलला तरी तो फोटो पहिला घेतला.

मग काय, मखमलाबादचा पोरगा पेटला. म्हणाला, मॅडम, ८ डिसेंबर २०२३ ला सरकारने निर्यात बंद केली ती थेट मे २०२४ पर्यंत, आमचा चुलता त्यात झोपला, ह्या जाळ्यात सरकार कुठे बसतं? मॅडम म्हणाल्या, पुस्तकातल्या आकृतीत सरकार नाही, आपण काढू. आणि सिक्युरिटीवाले भाऊ, जे एरवी डोळे उघडे ठेवून झोपतात, ते म्हणाले की पण शहरात आम्ही साठ रुपये किलो घेतला तेव्हा आमच्या पण पोटाला लागलंच ना, सरकारने बंद केलं ते आमच्यासाठीच. त्यावर दोघांचं जुंपलं. बाराला वर्ग संपायचा तो एकला संपला. शिपाईमामा किल्ली घेऊन दोनदा डोकावून गेले.

जाताना मॅडमनी एक गोष्ट सांगितली. इंग्लंडात १९०३ मध्ये कामगारांच्या शिक्षणासाठी एक संघटना निघाली होती. १९०८ पासून तिच्या वर्गांना टॉनी नावाचे तरुण मास्तर शिकवायला जायचे, शुक्रवारी संध्याकाळी लाँगटनला, तिथे चिनीमातीच्या भांड्यांचे कारखाने, आणि शनिवारी दुपारी रॉचडेलला, तिथे कापडाच्या गिरण्या. पद्धत अशी की एक तास सरांनी बोलायचं आणि एक तास कामगारांनी. येणाऱ्याने तीन वर्षं यायचं कबूल करायचं आणि घरून निबंध लिहून आणायचे. मास्तर पुढे मोठे इतिहासकार झाले. आता बघा, भट्टीवरून, मागावरून आलेली माणसं ती, आमच्या सिक्युरिटीवाल्या भाऊंसारखीच दमलेली, पण त्यांना निबंध माफ नव्हता. त्यांना कुणी पीडीएफ टाकतो म्हणालं नाही. पीडीएफ नव्हतीच म्हणा तेव्हा.

आणि लांब तरी कशाला जायचं. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये पुण्यात रात्रीची शाळा काढली ती दिवसभर राबणाऱ्यांसाठीच. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं तेव्हा वर्ग सकाळी ठेवले, नोकरीवाल्याला शिकून कामावर जाता यावं म्हणून. वेळ बदलली त्यांनी. शिकवायचं कमी नाही केलं. ह्या दोन गोष्टींची तुमच्याकडे फार गल्लत होते बघा. आमच्यासाठी वेळ बदला म्हटलं की तुम्ही अभ्यासक्रम हलका करता, आणि वेळ तीच ठेवता.

आपल्या नाशिकचंच बघा ना. अख्ख्या महाराष्ट्राचं मुक्त विद्यापीठ आपल्या गावात आहे, १९८९ पासून, राम ताकवले पहिले कुलगुरू. मी ते पहिल्यांदा बघितलं ते कंपनीची पिकनिक गंगापूर धरणाला गेली तेव्हा बसच्या खिडकीतून. नाव वाचलं, ज्ञानगंगोत्री, आणि ज्ञानगंगा घरोघरी हे त्यांचं वाक्य. मी तेव्हा आठवी पास होते. माझ्या शेजारी बसलेली बाई म्हणाली, घरोघरी म्हणे, आपल्या घरी तर नळाला पाणी पण एक तास. आम्ही खूप हसलो. पण ते 'घरोघरी' डोक्यात राहिलं, खोटं कशाला बोलू, सतरा नंबरचा फॉर्म मी त्याच्या पुढच्याच वर्षी भरला.

माझे सासरे चौथी शिकलेले, मार्केट यार्डात हमाली केली आयुष्यभर. दर मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला असते, ते महिनाभर जवळजवळ रोज जायचे, आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून. मागे पायरीवर बसायचे. कधी अणुशक्ती, कधी ज्ञानेश्वरी, कधी शेअर बाजार, जे असेल ते ऐकायचे आणि रात्री जेवताना आम्हाला सांगायचे, निम्मं चुकीचं. तिथे त्यांना कुणी शिक्षण विचारलं नाही आणि कुठला वक्ता लोक कमी आहेत म्हणून माइक ठेवून निघून गेल्याचं पण मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. म्हातारं माणूस, आता गुडघे गेलेत. मला विचारतात, आज काय शिकवलं गं. त्या ऑक्टोबरच्या रविवारी पण विचारलं. मी म्हटलं मागणीची लवचिकता, आणि कोथिंबीर-मिठाचं सांगितलं. टपरीवर शिकले ते नाही सांगितलं.

आता तुमची बाजू. मला ती थोडी माहीत आहे, कारण त्या मॅडमशी नंतर बस स्टॉपवर बोलले. त्या सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर आहेत, तासाचे पैसे, ते पण महिनोन्‌महिने मिळत नाहीत, मे महिन्यात कामच नाही, पीएच.डी. झालेल्या. सोमवार ते शनिवार दोन कॉलेजं आणि रविवारी आम्ही. मी म्हटलं मॅडम, म्हणजे तुम्ही पण कॉन्ट्रॅक्टवरच की. त्या हसल्या आणि म्हणाल्या, फरक एवढाच की तुम्हाला ठेकेदार दिसतो. तेव्हापासून मला तुमच्यावर चिडताना जरा अडखळायला होतं. रविवार तुमचा पण एकच असतो. तिघांसाठी पेट्रोल जाळून यायचं, त्याचे पैसे कधी येतील माहीत नाही, त्यात समोरचा एक झोपलेला, मला कळतं हो. पण मग हे तुम्ही आमच्याशी बोला ना. तुमचं मानधन थकलंय असं आम्हाला सांगितलं असतं तर आम्ही काही पीडीएफ मागितली नसती, केंद्रावर जाऊन चार लोकांनी विचारलं असतं. आम्हाला गेटवर उभं राहायची सवय आहे.

केंद्रवाल्या साहेबांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत, फार नाहीत. एक, वर्गाचं वेळापत्रक शनिवारी रात्री ग्रुपवर टाकू नका. आमच्याकडे पुढच्या आठवड्याच्या शिफ्ट गुरुवारी लागतात, त्याच्या आधी कळलं तर अदलाबदल करता येते, नंतर कळलं तर देव पण काही करू शकत नाही. दुसरं, चार सत्रांच्या सह्या एकदम घेणं बंद करा. सही घेतली की तुमचं काम झालं असं कागदावर दिसतं आणि मग आम्ही मागायचं कुणाकडे. आणि वॉचमन भाऊंना सांगून ठेवा की पदर घेतलेली बाई आली तर ती विद्यार्थी पण असू शकते. ते तिसरं झालं, असू द्या.

सर-मॅडम, तुम्हाला एवढंच म्हणते, गृहपाठ वाचा. सगळा नका वाचू, एक पान वाचा, पण त्यावर दोन ओळी लिहा, हे चुकलंय, का चुकलंय. मार्क कमी द्या. सतराच्या जागी नऊ द्या, मी रडेन आणि परत लिहीन. अवघड आहे ते "सोडून द्या" म्हणू नका, कारण आम्ही ज्या गोष्टी अवघड म्हणून सोडल्या त्या सगळ्या नववीतच सोडून झाल्यात, आता सोडायला काही उरलेलं नाही. आणि कुणी झोपलं तर झोपू द्या, रात्री बारा तास उभा असतो तो माणूस, त्याच्या कानावर पडतं सगळं, कांद्याच्या वेळी बघितलंत ना.

येत्या रविवारची माझी अदलाबदल झालेली आहे, ह्या वेळी दोन शनिवार देऊन एक रविवार घेतलाय, म्हणजे भाव चढाच होता. सिक्युरिटीवाले भाऊ येणार आहेत, त्यांचा मेसेज आलाय, ते रात्रपाळी करूनच येतील. मखमलाबादचं पोरगं बघतो म्हणालंय, फवारणी असली तर नाही. म्हणजे दोन, फार तर तीन. मला ते टक्केवारीला टक्केवारीने भागायचं समजून घ्यायचंय, ते ऑक्टोबरपासून तसंच राहिलंय, आणि माझे वडील दर वर्षी कांदाच का लावायचे ह्याचं मला एक उत्तर सुचलंय, ते चूक आहे की बरोबर ते विचारायचंय. दीड पान लिहिलंय, ह्या वेळी मधे किराणा यादी नाही, बघून घेतलं. दहाला पाच कमी असताना मी गेटवर असेन. शिपाईमामांना तेवढी खोली उघडून ठेवायला सांगा.

आपली विद्यार्थिनी,
एस.वाय.बी.ए., अर्थशास्त्र
सिडको, नाशिक